गहू बंद करण्याआधी तपासणी करून घ्या

आमची बार्शीत पिठाची गिरणी आहे. सासऱ्यांनी चालू केलेली, आता मी आणि नवरा मिळून बघतो. रोज येणाऱ्या डब्यांत निम्म्याहून जास्त गव्हाचे असतात. आणि आमच्याच धाकट्या लेकीला सिलिॲक, म्हणजे गव्हाने आतडं खराब होण्याचा आजार आहे, तिला गहू चालत नाही, थोडासुद्धा नाही, हे 2021 साली कळलं. तेव्हा ती आठ वर्षांची होती. तेव्हापासून दळण घेऊन आलेल्या कितीतरी बायकांनी मला विचारलंय, "ताई, आमच्या पोराला गहू बंद सांगितलाय, आता काय करायचं?" मी आधी उलट विचारते, तपासणी झाली का? बहुतेक वेळा उत्तर "नाही" असतं. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

लेकीचं पोट कायम फुगलेलं असायचं आणि हातपाय काड्यांसारखे. महिन्यातून दोनदा तरी जुलाब. जंताचं औषध तीनदा देऊन झालं. हिमोग्लोबिन 7.8 होतं. लोहाचं सिरप सहा महिने न चुकता दिलं, तरी ते आठाच्या वर सरकेना. तोंड यायचं. पहिलीत घेतलेला गणवेश तिसरीतही अंगाला बसत होता, आणि आम्ही म्हणत राहिलो, आजीवर गेलीय, बारीक चणीची आहे.

मुलाची उंची थांबली असेल, लोहाच्या गोळ्या लागू पडत नसतील, जुलाब पुन्हापुन्हा होत असतील, तर सिलिॲकची तपासणी करायला सांगा. डॉक्टरांच्या तोंडून हे नाव यायची वाट बघू नका. मोठ्या माणसांत तर पोटाचा त्रास नसतोही. नुसता ॲनिमिया, हाडं दुखणं, कोपरा-गुडघ्यांवर खाजरे फोड, वारंवार गर्भपात, असंही दिसतं. काहींना उलट बद्धकोष्ठ असतो. टाइप 1 मधुमेह किंवा थायरॉइडचा आजार असलेल्यांत हा आजार जास्त सापडतो. आपल्याकडे जुलाब आणि घटतं वजन दिसलं की आधी पोटाच्या टीबीचा विचार होतो, तो करायलाच हवा, पण तिथेच थांबू नये. 2016 साली भारतभरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात उत्तरेत साधारण शंभरात एकाला सिलिॲक सापडला आणि दक्षिणेत हजारात एकाला. आमच्यासारख्या ज्वारी खाणाऱ्या मुलखात हे नाव चटकन कुणाच्या मनात येत नाही, ते यामुळेच असावं. पण आता ज्वारीच्या मुलखातही पोरं सकाळी बिस्कीट, दुपारी चपाती आणि संध्याकाळी पाव खातात.

हा आजार आहे काय, ते मला सोलापूरच्या पोटविकारतज्ज्ञांनी टॉवेल दाखवून समजावलं. सोलापुरी टर्किश टॉवेलवर दोऱ्याचे बारीक फासे उभे असतात ना, तसेच उंचवटे लहान आतड्याला आतून असतात. अन्नातलं सत्त्व तेच शोषून घेतात. गहू, जव आणि राय (इंग्रजीत rye, मोहरी नव्हे) या धान्यांतलं ग्लुटेन नावाचं प्रथिन पोटात गेलं की सिलिॲक असलेल्या माणसाचं शरीर स्वतःच्याच आतड्यावर उठतं आणि ते फासे झिजून टॉवेल सपाट होतो. मग लोह द्या नाहीतर तूप द्या, अंगी लागत नाही. ही ॲलर्जी नव्हे, आणि "गहू पचत नाही" इतकी साधी गोष्टही नव्हे.

आता आमच्या हातून झालेली चूक सांगते, कारण तीच सगळ्यांच्या हातून होते. पहिल्या डॉक्टरांनी म्हटलं, "गव्हाचा त्रास दिसतोय, तीन महिने बंद करून बघा." आम्ही केला. लेकीची तब्येत जरा सुधारली. मग कुणीतरी म्हटलं रक्त तपासा, म्हणून तपासलं, तर रिपोर्ट नॉर्मलच्या काठावर. आता हे सिलिॲक आहे की नाही, कुणीच छातीठोक सांगेना. या तपासण्या शरीर ग्लुटेनशी लढत असतानाच बोलतात. गहू थांबला की रक्तातल्या खुणा उतरायला लागतात आणि आतडंही भरून यायला लागतं. शेवटी सोलापूरच्या डॉक्टरांनी रोज दोन चपात्या पुन्हा सुरू करायला लावल्या, आठ आठवडे. जी गोष्ट पोरीला मारतेय ती आपल्याच हातांनी लाटून तिच्या ताटात वाढायची. त्या आठ आठवड्यांत तिचे जुलाब परत आले, दोन किलो वजन उतरलं. कोणत्याही आईवर ही वेळ येऊ नये, आणि ती टाळणं तुमच्या हातात आहे: रक्ताची तपासणी आणि दुर्बिणीची तपासणी, दोन्ही होईपर्यंत चपाती रोजच्यासारखी चालू ठेवा. आधीच बंद केली असेल तर स्वतःच्या मनाने पुन्हा सुरू करू नका, पोटविकारतज्ज्ञांना विचारा. पाच वर्षांखालच्या आणि वयात येणाऱ्या मुलांना असा गहू पुन्हा खाऊ घालणं शक्यतो टाळतात.

तपासणी कशी होते

आधी रक्त. लॅबला चिठ्ठी देताना दोन नावं लिहून घ्या: टीटीजी आयजीए आणि टोटल आयजीए. उपाशीपोटी जावं लागत नाही. दुसरी तपासणी जादा वाटते म्हणून लोक गाळतात, पण आयजीए म्हणजे रक्तातल्या प्रतिपिंडांचा एक प्रकार, काही जणांच्या शरीरात तो मुळातच कमी असतो आणि मग सिलिॲक असूनही टीटीजी नॉर्मल येतं. तसं निघालं तर आयजीजी या दुसऱ्या प्रकारच्या प्रतिपिंडांच्या चाचण्या करतात.

रक्तात आलं की पुढे एंडोस्कोपी. या नावाला घाबरू नका. लेकीला रात्रीपासून उपाशी ठेवलं, सकाळी भूल दिली, वीस मिनिटांत ती बाहेर. तोंडावाटे दुर्बीण घालून लहान आतड्याच्या सुरुवातीचे तीळभर आकाराचे तुकडे काढतात. किमान चार तुकडे खालच्या भागातून आणि एक-दोन अगदी सुरुवातीच्या फुगीर भागातून घ्यायला हवेत, कारण झीज सगळीकडे सारखी नसते, कुठे असते तर कुठे नसते. एकच तुकडा घेतला आणि तो नेमका चांगल्या जागेचा निघाला तर आजार निसटतो. हे डॉक्टरांना आधी विचारलंत तर चांगले डॉक्टर रागावत नाहीत. तुकड्यांच्या रिपोर्टवर "मार्श" आणि पुढे आकडा असतो. मार्श 3 म्हणजे उंचवटे झिजलेत, त्यात अ, ब, क अशा पायऱ्या. लेकीचा 3 ब होता आणि टीटीजी मर्यादेच्या सहा पट.

लहान मुलांत टीटीजी मर्यादेच्या दहा पट किंवा त्याहून जास्त आलं आणि दुसऱ्या वेळी घेतलेल्या रक्तात ईएमए नावाची चाचणीही पॉझिटिव्ह आली, तर दुर्बिणीशिवाय निदान करायला 2020 पासून युरोपातल्या बालपोटविकारतज्ज्ञांच्या नियमांत मुभा आहे. तो निर्णय मात्र डॉक्टरांचा. एचएलए नावाची जनुकांची चाचणीही असते. ती निगेटिव्ह आली तर सिलिॲक जवळजवळ नाहीच म्हणायचा. पॉझिटिव्ह आली तर त्यावरून काही ठरत नाही, कारण ती जनुकं असलेल्या बहुतेक लोकांना हा आजार कधीच होत नाही. केसांवरून किंवा रक्ताच्या एका थेंबावरून शंभर पदार्थांची "इनटॉलरन्स" सांगणाऱ्या पॅकेजवर एक रुपयाही घालवू नका. त्यातून सिलिॲकचं निदान होत नाही.

घरात एकाला निघाला की आईवडील, भाऊबहीण, मुलं यांचंही रक्त तपासायचं, त्रास नसला तरी. सख्ख्या नात्यात साधारण दहात एकाला सापडू शकतो. आमचे तिघांचे रिपोर्ट नॉर्मल आले. मोठ्या मुलाचं काही वर्षांनी पुन्हा बघायला सांगितलंय.

निदान झालं त्या संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वेळी असले आजार नव्हते. गहू खाऊन कुणी आजारी पडतं का?" मी त्यांना डॉक्टरांकडून ऐकलेली गोष्ट सांगितली. विलेम डिके नावाचे डच बालरोगतज्ज्ञ होते. काही मुलांना गव्हाचाच त्रास होतो असा त्यांना आधीपासून संशय होता. 1944-45 च्या हिवाळ्यात, महायुद्धात, हॉलंडमध्ये उपासमार झाली, पाव मिळेना, आणि वॉर्डातली ही आजारी मुलं मात्र सुधारू लागली. पाव परत मिळायला लागला तशी पुन्हा आजारी पडली. 1950 साली त्यांनी यावर प्रबंध लिहिला. सासूबाई बराच वेळ गप्प बसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच नातीसाठी वेगळी परात काढली.

एक कण म्हणजे किती

यावर औषध नाही. ग्लुटेन आयुष्यभर बंद, हाच उपचार. आणि बंद म्हणजे सणासुदीलाही बंद. रोज 50 मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने पोटात गेलं तरी आतड्याला इजा होते, असं अभ्यासात दिसलंय. एका मध्यम चपातीत अडीच-तीन ग्रॅम ग्लुटेन असतं. म्हणजे चपातीचे पन्नास-साठ तुकडे केले तर त्यातला एक. "एवढ्याशा प्रसादानं काय होतंय" म्हणणाऱ्यांना मी हा हिशोब सांगते. आणि दर वेळी पोट दुखेलच असंही नाही, आतडं मुकाट्याने झिजत राहतं.

गिरणीचं मी आतून बघितलंय, म्हणून यावर जास्त लिहिते. दगडांना टाकी लावायला, म्हणजे छिन्नीने पुन्हा खडबडीत करायला, आम्ही गिरणी उघडतो तेव्हा दगडांच्या खाचांत, कडेला, खालच्या कापडी तोंडात साचलेलं पीठ निघतं. एकदा वजन केलं तर पाव किलोच्या वर भरलं. गव्हानंतर तुमची पाच किलो ज्वारी पडली आणि त्यातलं छटाकभर (पन्नास-साठ ग्रॅम) जरी पीठ मिसळलं, तरी तुमच्या ज्वारीच्या पिठात किलोमागे हजार मिलिग्रॅम ग्लुटेन गेलं. ग्लुटेनमुक्त म्हणायला कायद्याने मर्यादा आहे किलोमागे 20 मिलिग्रॅमची. पन्नास पट! "आधी मूठभर ज्वारी टाकून गिरणी साफ करून देतो" असं कुठलाही गिरणीवाला मायेने म्हणेल, मीही म्हणाले असते. त्याने भागत नाही.

म्हणून घरघंटी घ्या आणि तिच्यात गहू कधीच घालू नका. जुनी वापरलेली घेऊ नका, तिच्यात गहू दळलेला असणारच. परवडत नसेल तर आपल्यासारख्या दोन-तीन घरांनी मिळून एक घ्या. घरघंटी येईपर्यंत मी चार महिने सासूबाईंच्या माहेरचं जुनं जातं वापरलं. त्यावर पूर्वी काय दळलं होतं कुणास ठाऊक, म्हणून आधी गरम पाण्याने ब्रशने घासलं, उन्हात वाळवलं आणि पहिली दोन किलो ज्वारी दळून गुरांना घातली.

ज्वारी निवडून घ्यायची. आमच्याकडे मालदांडी येते, पण पोत्यात, मळणीयंत्रात, आडतीत कुठेतरी गहू मिसळतोच. पांढऱ्या ताटात पातळ पसरून, खिडकीच्या उजेडात बघायचं. ज्वारीचा दाणा गोल, मोत्यासारखा. गव्हाचा लांबट, पोटावर चीर असलेला, तो बोटाखाली अडकतो. पाच किलोत मला कधी तीन दाणे मिळतात, कधी वीस. मग एकदा धुऊन, वाळवून दळायची. डाळी, तांदूळ, नाचणी, बाजरी यांनाही हेच. बेसन विकत आणू नका, हरभरा डाळ आणून घरी दळा. आणि पीठ आठवड्यापुरतंच दळा, जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली की भाकरी थापताना तुटते. तुटलीच तर उकळत्या पाण्यात पीठ भिजवा, किंवा किलोला दोन चमचे इसबगोल घाला.

गिरणीत काम करून आलं की मी आणि नवरा मागच्या दाराशी कपडे बदलतो, हात कोपरापर्यंत धुतो, मगच स्वयंपाकघरात. लेकीला गिरणीत येऊ देत नाही. लहानपणी ती तिथे पोत्यांवर बसून अभ्यास करायची. हवेतलं पीठ तासन् तास खाली बसत राहतं आणि ते श्वासाबरोबर घशात, घशातून पोटात जातं. हे तिला समजावणं मला सगळ्यात जड गेलं.

स्वयंपाकघरात तिचा तवा, पोळपाट-लाटणं, परात, चाळण आणि लाकडी पळी वेगळी ठेवा. स्टीलची भांडी नीट घासली की चालतात, पण चाळणीच्या जाळीतून आणि लाकडाच्या भेगांतून पीठ निघत नाही. ज्या तेलात पुऱ्या तळल्या त्यात तिचे पापड तळायचे नाहीत. तूप-लोणच्याच्या बरणीत चपातीचा हात लागलेला चमचा जातो, म्हणून तिची बरणी वेगळी. आम्ही वर्षभराने घरात चपातीच बंद केली. सगळ्यांनी भाकरी. त्यानंतर घरात भांडण राहिलं नाही.

लपलेला गहू

सगळ्यात आधी हिंग तपासा. दुकानात मिळणारा बांधणी हिंग बहुतेक गव्हाच्या पिठात किंवा मैद्यात केलेला असतो. लेकीची चपाती बंद करून चार महिने झाले तरी टीटीजी हवं तसं उतरेना, तेव्हा आहारतज्ज्ञांनी एकेक डबा बाहेर काढायला लावला आणि हिंगाच्या डबीवर "व्हीट फ्लोअर" सापडलं. रोजच्या वरणात, भाजीत, लोणच्यात! तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, डबी वाचून घ्या, किंवा हिंगच सोडा.

मेतकुटात गहू असतो. थालिपिठाच्या भाजणीत बहुतेक घरी घालतात. धपाट्यातही. सातूच्या पिठात भाजका गहू किंवा जव, दोन्ही बंद. शेवया, रवा, दलिया, गव्हाच्या कुरडया तर उघडच आहेत. बेसनाच्या लाडवात रवा घालायची अनेकांची पद्धत असते. कॉर्नफ्लेक्स मक्याचे असले तरी त्यात बहुधा जवाचं माल्ट असतं, दुधात घालायच्या माल्टवाल्या पावडरीतही. सोया सॉसमध्ये गहू असतो, म्हणजे गाडीवरचं चायनीज गेलं. ओट्समध्ये स्वतःचं ग्लुटेन नसतं, पण ते बहुतेक वेळा गव्हात मिसळलेले असतात. पाकिटावर "ग्लुटेनमुक्त" लिहिलेलं हवं, नुसतं "गव्हाविना" नाही. औषधाच्या दुकानातही विचारून घ्या.

आणि खपली गहू. इथे लोक मला हमखास सांगतात, खपली चालतो, त्यात ग्लुटेन नसतं. असतं. मधुमेहवाल्यांनी खावा की नाही तो वेगळा प्रश्न, पण सिलिॲकला खपली, लोकवन, बन्सी सगळे सारखेच. आमच्याकडची खपलीची हुग्गी, म्हणजे खीर, लेकीला फार आवडायची. आता मी ज्वारीच्या कण्या गूळ-खोबरं घालून तशीच शिजवते. सारखी लागत नाही, पण ती वाटी चाटूनपुसून खाते.

बाकी मराठी घरात काय काय चालतं ते मोजायला लागलं की धीर येतो. उपवासाचा सगळा फराळ: साबुदाणा, भगर, राजगिरा, शिंगाडा. पोहे. उकडीचे मोदक, अनारसे, तांदळाची घावनं. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी असते, त्या दिवशी तिचं ताट आणि आमचं ताट एकच. होळीला पुरण तिला तांदळाच्या उकडीत भरून देते. प्रवासाला आमची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी, चार दिवस टिकते, कुणाकडे हात पसरावा लागत नाही. महागडी ग्लुटेनमुक्त बिस्किटं मी वर्षातून दोनदा, तिच्या वाढदिवसाला आणि सहलीला आणते.

तपासण्या चालू ठेवा: टीटीजी सहा महिन्यांनी, मग वर्षाने, त्यानंतर दरवर्षी. सोबत हिमोग्लोबिन, लोह, बी12, ड जीवनसत्त्व, आणि मुलांची उंची-वजन तक्त्यावर. मोठ्यांनी हाडांची घनता. सुरुवातीचे काही महिने काहींना दूधही पचत नाही, कारण ते पचवणारा रस त्याच झिजलेल्या अस्तरात तयार होतो. आतडं भरलं की दूध परत चालतं. हिंग बदलल्यावर लेक पहिल्या वर्षात नऊ सेंटिमीटर वाढली. टीटीजी नॉर्मल यायला दीड वर्ष लागलं.

लग्नाकार्यात मी पंगत बसायच्या तासभर आधी आचाऱ्यांना भेटते, भाताच्या पातेल्यातून तिचा भात आधी काढून घेते आणि त्यांच्या हातात चिठ्ठी देते. लेकीच्या दप्तरातही तीच चिठ्ठी असते. हवी तर उतरवून घ्या:

"मला सिलिॲक हा आजार आहे. गहू, मैदा, रवा, शेवया, जव आणि बाजारचा हिंग पोटात गेला तर माझं आतडं खराब होतं. चपातीचं पीठ लागलेला हात, पळी, तवा आणि पुऱ्या तळलेलं तेलही मला चालत नाही. साधा भात, हिंगाशिवायचं वरण, दही, ताक आणि फळं मला चालतात. तुम्हाला खात्री नसेल तर वाढू नका, माझा डबा माझ्याजवळ आहे."